हजारांतले काही समुद्र

"तुमच्या बोटीला सरकारी कुलूप बंधनकारक असावं का?"

श्रुतिका चोगलेने त्या आठवड्यात सुरवंडे बंदरातल्या एकशे बारा घरांत हा प्रश्न विचारला आणि जवळपास सगळीकडे तिला एकच उत्तर मिळालं. आम्हाला नको, पण बाकीच्यांना हवं.

हिराजी तांडेल पडवीत जाळं विणत बसले होते. गावातली सर्वांत मोठी बोट त्यांची. त्यांनी प्रश्न पूर्ण ऐकूनही घेतला नाही.

"मना कुलूप? पन्नास वर्सं दर्यावर काढली गो मी. वारा नाकान कळतो मना. ही आताची पोरं बघ, मोबाइलात तोंड घालून निघतात. त्यांना घाल कुलूप."

पुढच्याच घरात त्या पोरांपैकी एक होता. तो म्हणाला, "आमचं सोड. हिराजीकाकांना डोळ्यांनी धड दिसत नाय आता. त्यांच्या बोटीला पहिलं कुलूप लाव."

श्रुतिकाने दोन्ही उत्तरं टॅबवर नोंदवली. पूर्वी अशा वेळी तिला हसू आलं असतं. आता तिने फक्त रकाना भरला, चप्पल पायात सरकवली आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. गेले चार महिने ती सगळं असंच करत होती. जेवायची वेळ झाली की जेवायची, बोलायची वेळ झाली की बोलायची.

कुलूप म्हणजे इंजिनाला जोडलेली एक करडी डबी. सरकारी कागदांत तिचं नाव 'राखण' होतं, गावात सगळे तिला डबा म्हणत. डब्यात विशेष काही नव्हतं. बुद्धी होती ती दूरच्या संगणकात, आणि त्या बुद्धीचा एक तुकडा श्रुतिकाने स्वतः लिहिला होता.

किनाऱ्याजवळ अचानक उठणारे वारे फार छोटे असतात. दोन-तीन कोसांचा पट्टा, अर्ध्या तासाचा खेळ. जुन्या अंदाजांच्या जाळीतून ते निसटून जात. मग समुद्रावर तरंगती यंत्रं सोडण्यात आली. ती पाण्याची उष्णता, हवेतली वाफ, वाऱ्याची दिशा दर पाच मिनिटांनी कळवू लागली. पण माप कितीही बारीक घेतलं तरी त्यात थोडी चूक राहतेच, आणि हवेत थोड्या चुकीचं पुढे काय होईल सांगता येत नाही. म्हणून संगणक एकच समुद्र मांडत नसे. तो हजार समुद्र मांडे. प्रत्येकाची सुरुवात किंचित वेगळी, एखाद्याचं पाणी केसभर गरम, एखाद्याचा वारा केसभर तिरका. मग ते हजारही समुद्र सहा तास पुढे पळवायचे आणि त्यांतल्या किती समुद्रांत ही अमुक बोट, इतक्या लांबीची, इतक्या जुन्या इंजिनाची, संकटात सापडते ते मोजायचं. जो आकडा येई तो डब्यावर उमटे. शंभराच्या वर गेला की इंजिन सुरू होत नसे.

पण सरकारला कुणावर जबरदस्ती करायची नव्हती. म्हणून पुण्याच्या डॉक्टर सबनीसांनी एक युक्ती काढली होती. माणसाच्या मनाचा अभ्यास हा त्यांचा विषय. दर्यावर जाणारा पुरुष अभिमानापायी थांबणार नाही, पण घरी राहणारं माणूस जपून वागेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आकडा शंभराच्या वर गेला की घरच्या माणसाच्या फोनवर निरोप येई. खाली दोन चौकटी. हिरवी म्हणजे जाऊ द्या, लाल म्हणजे थांबवा. घरच्याने हिरवीवर अंगठा ठेवला तरच डबा सुटे. बंधनकारक कुलूप आलं तर या चौकटी राहणार नव्हत्या.

कागदावर कल्पना सुरेख होती. दोन हंगामांत सुरवंडे बंदरात असे दोनशे चौदा निरोप आले. लाल चौकट तीनदा दाबली गेली.

"तीनदा!" फोनच्या पडद्यावर सबनीस सर डोकं खाजवत म्हणाले. "आणि उत्तर द्यायला सरासरी किती वेळ? पाच सेकंद. श्रुतिका, याचा अर्थ सरळ आहे. या बायका आकडा वाचतच नाहीत. त्यांना शक्यता म्हणजे काय ते कळत नाही. आपण आकड्याऐवजी चित्र देऊ. हजार छोट्या होड्या, त्यांतल्या इतक्या बुडालेल्या. काय?"

"हो सर."

"सोमवारी अहवाल द्यायचाय. मी लिहितोय की निवड लोकांचीच राहू द्या, फक्त दोन वर्षं प्रशिक्षण द्या. तुझं काही वेगळं मत? तू तर तिथलीच आहेस."

श्रुतिकाच्या समोर नोंदींची यादी उघडी होती. यादीत नावं नव्हती, फक्त क्रमांक. एकशे एकोणसाठाव्या ओळीवर होतं, आकडा एकशे सत्त्याऐंशी, उत्तर हिरवं, वेळ चार सेकंद.

"बघते सर," ती म्हणाली.

ती ओळ तिची होती.

ऑक्टोबरातली दुपार. श्रुतिका सुट्टीवर घरी आली होती. वहिनी, म्हणजे नमिता, वडिलांच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती आणि जाताना निरोपासाठी आपल्या जागी नणंदेचा नंबर देऊन गेली होती. घराच्या मागच्या पायरीखालीच खाडीचं पाणी. तिचा भाऊ जयेंद्र आपल्या एकट्याच्या फायबरच्या होडीत उभा होता, पायरीपासून वीस-पंचवीस हातांवर. त्याने चावी फिरवली, डबा लाल झाला, आणि श्रुतिकाच्या हातातला फोन थरथरला.

"आला काय गो? दाब लवकर, भरती चाललीय!"

आकडा तिने वाचला होता. नुसता वाचला नाही, तो कसा तयार झाला ते तिला पायरीपायरीने ठाऊक होतं. हजारांतले एकशे सत्त्याऐंशी समुद्र. साधारण पाचांत एक. पण दोर सोडलेला होता आणि जयेंद्रचं तोंड दर्याकडे वळलं होतं. सुरवंड्यात निघालेल्या माणसाला टोकत नाहीत. कुठे चाललास म्हणून विचारत नाहीत, मागून हाक मारत नाहीत, आणि 'जाऊ नको' तर जिभेवरही आणत नाहीत. म्हटलं आणि काही झालं, तर ते दर्याने केलेलं नसतं, म्हणणारीने केलेलं असतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भात कालवायला तरी कुणी शिकवतं का?

तिने हिरवं दाबलं आणि म्हणाली, "ये."

"येतो," जयेंद्र म्हणाला.

चौथ्या दिवशी होडीतली बसायची फळी सापडली, पंधराव्या दिवशी शोध थांबला. डबा होडीबरोबर गेला होता. वहिनीने एकदाच विचारलं होतं, "तुला निरोप आलेला काय?" आणि श्रुतिका म्हणाली होती, "नाही."

एवढा एक शब्द. त्यावरून गावाने बाकीचं जुळवून घेतलं. निरोप आला नाही म्हणजे जयाने डब्याची तार तोडून इंजिन परस्पर सुरू केलं. असं करणारे दोघे-तिघे गावात होतेच. जया हट्टी होता, लबाडी केली, दर्याने नेला. लोक हळहळत, पण हळहळण्यात थोडा दिलासाही असे. चूक एकाची होती आणि तो नव्हता.

सर्वेक्षणातलं शेवटचं घर ऋतुजाचं होतं. ती साताऱ्याकडची, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, नवरा बोटीचा तांडेल म्हणजे कप्तान. तीन लाल उत्तरांपैकी, घरोघरी फिरताना श्रुतिकाला कळलं होतं, एक ओल्या अंगठ्याने चुकून गेलेलं होतं, एक नवऱ्याशी भांडण झालं म्हणून. तिसरं हिचं.

"मला काय माहीत तुमचे नियम?" ऋतुजा कोळंबी सोलता सोलता म्हणाली. "आकडा दोनशे दहा. मी म्हटलं मरायला जायचंय का, आणि दाबलं लाल. झालं! त्या दिवशी सहा बोटी गेल्या आणि सहाही भरून आल्या. आमचे हे जेटीवर बसून. सबंध हंगामभर लोक ह्यांना 'दावणीचा बैल' म्हणायचे. दोन खलाशी सोडून गेले. म्हणाले, बायकोच्या मुठीतल्या तांडेलाबरोबर कोण जाणार."

"मग?"

"मग काय. त्यानंतर नऊ वेळा आला निरोप. नऊ वेळा हिरवं." तिने कोळंबीचं डोकं मोडलं. "दाबते आणि फोन पिठाच्या डब्यात ठेवते. नको बघायला."

"कुलूप बंधनकारक झालं तर?"

ऋतुजा थांबली. "मोठ्याने म्हणायचं की हळू?"

 रकाना श्रुतिकाने रिकामा ठेवला.

त्या दुपारी वहिनी अंगणात सुकट पालथी करत होती. श्रुतिका तिच्याजवळ जाऊन बसली. काय बोलायचं ते तिने आधी ठरवलं नव्हतं. तिने फक्त हिशेब केला होता. सोमवारी सरांचा अहवाल गेला तर चित्रं येतील, प्रशिक्षण येईल, आणि दोन हंगाम बायका तीच चौकट दाबत राहतील. थांबवायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारणाला पुरावा एकच होता. आकडा ज्याला पूर्ण कळतो असं माणूसही हिरवंच दाबतं.

"वहिनी, मला निरोप आलेला."

वहिनीचा हात सुकटीवर फिरत राहिला.

"जयाने तार तोडली नव्हती. एकशे सत्त्याऐंशी होता आकडा. मी हिरवं दाबलं."

 एक कावळा आला, वहिनीने त्याला हाकललं.

"मी असते तरी हिरवंच दाबलं असतं," ती शेवटी म्हणाली. "पण ते माझं हिरवं असतं. तू ते घेतलंस आणि लपवून ठेवलंस. वर माझ्या नवऱ्याला लबाड केलंस."

"हो."

"चार महिने."

"हो."

वहिनीने पदराने तोंड पुसलं. ती रडत नव्हती, उन्हाने घाम आला होता. "उद्या सभा हाय ना सोसायटीत? तिथं सांग. सगळ्यांसमोर. त्याच्या नावावरचं तेवढं तरी जाऊ दे."

मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. पुरुष पुढे, बायका मागच्या भिंतीला टेकून. चेअरमननी विचारलं, "कुलूप बंधनकारक करायचं, कोणकोण बाजूने? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. मागच्या भिंतीकडेही नाही.

हिराजी तांडेल उठले. "दर्या आमचा, बोट आमची, जीव आमचा. कवा जायचं नि कवा नाय, ते सरकार सांगणार? उद्या सांगतील जेवण कवा करायचं!" पुढच्या रांगांत टाळ्या पडल्या.

श्रुतिका उभी राहिली. तिला वाटलं होतं आवाज कापेल. तो कापला नाही, नेहमीसारखाच निघाला, आणि तिला त्याचंच थोडं आश्चर्य वाटलं.

"आपल्या बंदरात दोनशे चौदा वेळा निरोप आला. दोनशे अकरा वेळा हिरवं दाबलं. पुण्याचे साहेब म्हणतात, बायकांना आकडा कळत नाही. माझ्या भावाने तार तोडली नव्हती. त्या दिवशीचा निरोप मला आला होता. तो आकडा काढणारं गणित मी लिहिलंय. मला सगळं कळत होतं. मी चार सेकंदांत हिरवं दाबलं, कारण तो निघाला होता."

 मागे कुणीतरी नाक ओढलं.

"मला कुणाकडून काही वदवून घ्यायचं नाही," ती म्हणाली. "हात वर करायला लावू नका एवढंच. चिठ्ठ्या टाकू द्या. एकेकाने आत जायचं."

कुणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची तर तीही उघडच घ्यावी लागली असती. बर्फाची जुनी पेटी मधे भोक पाडून आतल्या खोलीत ठेवली. चिठ्ठीवर दोन चित्रं होती, कुलूप आणि उघडी कडी. हव्या त्या चित्रावर फुली मारायची.

हिराजी तांडेल आत गेले आणि लगेच दाराशी आले. "श्रुते, इकडे ये जरा. चष्मा ऱ्हायला घरी." ती आत गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"कुलुपावर मार फुली."

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"बघतंस काय? भायेर बोललो ते बोललो. मी नाय गेलो तर दुसरा जाणार, नि दुसरा गेला तर मना जावं लागणार. सगळ्यांना एकदम बांधलं तर कोण कोणाला भित्रा बोलणार? मार."

तिने फुली मारली. ते बाहेर गेले आणि चेअरमनच्या कानाशी सरकारला दोन शिव्या घातल्या.

दोनशे सतरा चिठ्ठ्या निघाल्या. कुलुपावर एकशे शहात्तर, कडीवर एकेचाळीस. निकाल वाचल्यावर जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. "कोणी दिली रे मतं याला?" असं सगळेच विचारत होते.

श्रुतिकाने सोमवारी आपला वेगळा अहवाल सरांना पाठवला. त्यात तिने लिहिलं की माणसं निर्णय सरकारच्या हाती देतात ती निर्णय कळत नाही म्हणून नव्हे. निर्णय कळतो, पण तोंडाने उच्चारता येत नाही. तो उच्चारायला त्यांना दुसऱ्याचं तोंड हवं असतं, ज्याला मग मनसोक्त शिव्याही देता येतात. सरांनी 'उत्तम निरीक्षण' एवढंच उत्तर दिलं आणि सुरवंडे बंदर बंधनकारक कुलुपाच्या प्रयोगासाठी निवडलं गेलं.

मार्चमध्ये पहिलं कुलूप पडलं. आता बोटीबोटीला वेगळा आकडा नव्हता, सगळ्या बंदराला एकच, आणि तो एकशे बावीस. अडतीसही बोटी जेटीला. आणि दिवसभर समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. पुरुष पत्ते खेळत बसले आणि श्रुतिका दिसली की ओरडत, "काय गो, कुठं गेलं तुझं वादळ? पुण्याला गेलं काय?"

"हजारांतले आठशे अठ्ठ्याहत्तर समुद्र शांतच होते," ती म्हणे. "हा त्यांतलाच."

"मंग सोडायचं होतं ना!"

"कोणता ते आधी कळत नाही."

शिव्या भरपूर झाल्या, पण कुणाचा चेहरा पडलेला नव्हता. बायका कट्ट्यावर बसून मासळीच्या पाट्या धूत होत्या आणि ऋतुजाचा फोन पिठाच्या डब्यात नव्हता. निरोपाच्या जागी आता एकच ओळ येई. आज बोट सुटणार नाही. खाली चौकटी नव्हत्या.

एप्रिलच्या मध्याला आकडा शहाण्णव आला.

श्रुतिका जेटीवर होती. डबे हिरवे झाले, कुलुपं सुटली आणि बोटी एकामागून एक निघू लागल्या. तिच्या एक गोष्ट लक्षात आली. कुणी वर बघत नव्हतं. पूर्वी हिराजीकाका दोर सोडण्याआधी मान वर करून हवेचा वास घेत, पाणी हातात घेऊन बघत. आज त्यांनी डब्याकडे पाहिलं, हिरवा दिसला आणि दोराला हात घातला. पश्चिमेला आभाळाच्या कडेला काळपट रेघ होती. फार काही नाही. शंभर आणि शहाण्णव यांत चारच समुद्रांचा फरक असतो, आणि शंभर हा आकडा निसर्गाने दिलेला नव्हता. तो मुंबईतल्या एका बैठकीत ठरला होता. सोपा म्हणून. तिथे चहा देत होते तेव्हा.

आता थांबवायला चौकट नव्हती. तोंड होतं.

"काका," ती म्हणाली. "आज जाऊ नका."

 एका म्हातारीने हातातली पाटी खाली ठेवली. हिराजी तांडेल वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. श्रुतिकाने ती इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

"डबा सुटलाय," ते म्हणाले. "सरकार जा बोलतंय. तू कोण टोकणारी?"

बोट गेली.

ती घरी आली नाही. जेटीवरच बसून राहिली. शेजारी कुणी येऊन बसलं नाही, जाता-येता बायका थोडं लांबून गेल्या. दुपारी ती काळी रेघ वर सरकली, थोडा वारा सुटला, मग पडला. संध्याकाळच्या भरतीला बोटी परत येऊ लागल्या. तिने मोजल्या. सदतीस झाल्या. मग बराच वेळ काही नाही. मग अडतिसावी, हिराजींची.

अंधार पडायच्या आत हिराजीकाका स्वतः चोगल्यांच्या पायरीशी आले. हातात तळहातापेक्षा मोठे दोन पापलेट. वहिनी पायरीवर भांडी घासत होती, श्रुतिका दारात उभी होती.

"घे," ते म्हणाले. विशेष काही घडलं नसल्यासारखं, मजेत म्हणाले. "टोकलंस गो तू मना. सगळ्यांसमोर टोकलंस. दिवसभर छातीत धडधडत होतं. आणि बघ, काय झालं नाय. आलो परत."

ते हसले आणि गेले.

वहिनीच्या हातातलं पातेलं थांबलं होतं. नळ चालू होता, पाणी पातेल्यातून भरून वाहत होतं. तिने मान वर केली नाही. श्रुतिकाच्या हातात पापलेट होते, थंड, ओले, आणि तिच्या बोटांना ते थंड लागत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी लागत होतं.

टोकलं तरी माणूस येतो.

"वहिनी," ती म्हणाली.

"बोलू नको," वहिनी म्हणाली. "आज बोलू नको काय." आणि तिने नळ बंद केला.